पाऊस शून्य, पाऊस रिकामा

मे २०२५च्या अखेरीस मॉन्सून घाईत होता. २४ मे रोजी तो केरळात दाखल झाला आणि २६ मे रोजी मुंबईत. याच दोन-तीन दिवसांत बारामती, इंदापूर आणि दौंड या एरवी कोरड्या तालुक्यांना पावसाने झोडपून काढलं. बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला, घरांत आणि शेतांत पाणी शिरलं, एनडीआरएफची पथकं धाडावी लागली. सरकारने त्या वेळी जाहीर केलेले पावसाचे आकडे असे होते: दौंड ११७ मिलिमीटर, बारामती १०४.७५, इंदापूर ६३.२५. बारामतीत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा एका झटक्यात येऊन गेला.

यातला इंदापूरचा आकडा जरा निरखून बघण्यासारखा आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर महाराष्ट्रात त्याला अतिवृष्टी म्हणतात, आणि पंचनाम्याची, मदतीची चक्रं त्यानंतर फिरू लागतात. ६३.२५ हा आकडा त्या रेषेच्या जेमतेम खाली आहे. पण ही मोजणी तालुक्याची नसून महसूल मंडळाची असते. तालुक्याचा आकडा ही मंडळांची सरासरी. भिगवण, बावडा, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा मंडळांपैकी कुठे रेषा ओलांडली गेली आणि कुठे नाही, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. बावड्याच्या शेतकऱ्याला इंदापूर तालुक्याचा पाऊस सांगून काय उपयोग? त्याला बावड्याचा पाऊस हवा, तोही तारीख-वेळेसकट आणि उद्या कुणी विचारलं तर पुन्हा काढून दाखवता येईल असा.

या प्रकरणात आपण हा आकडा शेताच्या कडेला उभ्या असलेल्या खांबावरून निघून डेटाबेसच्या तक्त्यात कसा जाऊन बसतो ते पाहणार आहोत. वाट फार लांब नाही. पण तिच्यावर आकडा बदलतो, हरवतो, दोनदा पोचतो आणि कधी कधी न पडलेल्या पावसाचा किंवा न पडलेल्या उन्हाचा खोटा साक्षीदार होऊन बसतो.

सुरुवात यंत्रापासून करू. महाराष्ट्र सरकारने स्कायमेट कंपनीच्या साथीने २०१७मध्ये ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. कल्पना सरळ होती: प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र. अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं राज्यभर उभी राहिली. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा या पाच गोष्टी ती मोजतात. पाऊस मोजणारा भाग मोठा गमतीचा असतो. वर नरसाळं, खाली दोन कप्प्यांची झुलती वाटी. एका कप्प्यात ठरलेलं पाणी, समजा ०.२ मिलिमीटर पावसाइतकं, साचलं की वाटी कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. दर कलंडण्याला विजेचा एक ठोका. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे असे पाचशे ठोके. यंत्राला पाऊस कळत नाही, ठोके कळतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बारामतीत आकड्यांची अशी आणखीही ठिकाणं आहेत. माळेगाव खुर्दला भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिची पायाभरणी फेब्रुवारी २००९मध्ये झाली, आणि दुष्काळ, उष्णता, खारपड जमीन हेच तिच्या अभ्यासाचे विषय. शारदानगरला अॅग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र आहे. याच ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. शेतातलं हवामान केंद्र, मातीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून उसाला पाणी कधी आणि किती द्यायचं याचा सल्ला थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर. २०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं आणि एका रात्रीत बारामतीचा ऊस जगभर गाजला. कौतुक झालं ते बुद्धिमत्तेचं, आणि ते साहजिक आहे. पण त्या बुद्धिमत्तेच्या पोटात जे जातं ते वेळच्या वेळी आलेले, नीट लावून ठेवलेले आकडेच. त्यांच्याबद्दल कुणी ट्वीट करत नाही.

अंदाजाचीही सोय घराजवळचीच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५मध्ये कामाला लागली. तिच्यात देशाची सहा किलोमीटरच्या चौकटींत विभागणी होते. आधीच्या यंत्रणेत हीच चौकट बारा किलोमीटरची होती. जागतिक स्तरावरच्या काही विदा-संचांत ती पंचवीस किलोमीटरच्या आसपास असते. बारामती ते इंदापूर सरळ रेषेत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर. म्हणजे पंचवीसच्या हिशेबात या दोन गावांच्या मधला सगळा ऊस, सगळी डाळिंबं आणि द्राक्षं जेमतेम दोन चौकटींत मावतात. वळवाचा पाऊस मात्र बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही.

असे आकडे देणाऱ्या सेवा एपीआयमार्फत बोलतात. एपीआय म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामला प्रश्न विचारण्याची ठरलेली पद्धत. आपण अक्षांश-रेखांश, हवे ते घटक आणि कालावधी पाठवतो; इंदापूरसाठी साधारण १८.१२ उत्तर आणि ७५.०३ पूर्व. उत्तरादाखल नावं आणि आकडे यांच्या जोड्यांची एक लांबलचक माळ येते, जेसन नावाच्या मांडणीत. आज छत्री घ्यावी का, एवढंच ठरवायचं असेल तर ती वाचून सोडून द्यावी. पण ‘गेल्या तीन मृग बहारांत निमगाव केतकी मंडळात सलग किती दिवस आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर होती’ असा प्रश्न डाळिंबवाल्याला पडतो, कारण त्याला तेल्या रोगाची धास्ती असते. या प्रश्नाचं उत्तर आजच्या माळेत नसतं. ते रोजच्या रोज साठवत गेलेल्यालाच मिळतं.

साठवायचं कसं, याचं उत्तर १९७०चं आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती डिस्कवर कुठे आणि कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. माहिती तक्त्यांत मांडा, तक्ते एकमेकांशी समान रकान्यांनी जोडा, आणि काय हवं तेवढं विचारा. कसं शोधायचं ते यंत्र बघून घेईल. यातूनच रिलेशनल डेटाबेस जन्माला आले. कॉड यांना १९८१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आज पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल वगैरे फुकट मिळणारे डेटाबेस याच विचारावर चालतात.

सुरुवातीला आपल्या कामाला तीन तक्ते पुरतात. पहिला केंद्रांचा: नाव, जागा. दुसरा घटकांचा: पाऊस मिलिमीटरमध्ये, तापमान अंश सेल्सिअसमध्ये वगैरे. तिसरा नोंदींचा, आणि खरा भार त्याच्यावर. त्याच्या प्रत्येक ओळीत कोणतं केंद्र, कोणता घटक, कोणती वेळ आणि किती, एवढं असतं. पहिल्या तीन गोष्टी मिळून ओळीची ओळख ठरते, आणि त्या तिन्ही सारख्या असलेली दुसरी ओळ डेटाबेस घेतच नाही. दर दहा मिनिटांनी नोंद आली असं धरलं तर एका केंद्राच्या पाच घटकांच्या दिवसाला ७२० ओळी होतात. दोन तालुक्यांतली वीस केंद्रं घेतली तर वर्षाला बावन्न-त्रेपन्न लाख. ऐकायला भीती वाटते, पण साध्या सर्व्हरला हे ओझं नाही.

मंडळाचं नाव केंद्राच्या तक्त्यात कायमचं कोरून ठेवू नये, हे जाता जाता सांगायला हवं. मंडळांची फेररचना होते, नवी मंडळं तयार होतात, आणि गाव कालपर्यंत ज्या मंडळात होतं त्यात आज नसतं. गाव, मंडळ आणि केंद्र यांची सांगड वेगळ्या तक्त्यात ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी ठेवली, तर जुन्या वर्षाचा प्रश्न जुन्या हद्दीनुसार सुटतो. हवामान आधारित फळपीक विम्यात नुकसान बागेत जाऊन मोजत नाहीत, केंद्राच्या नोंदीवरून ठरवतात. तिथे बाग कोणत्या केंद्राच्या हद्दीत येते, हा थेट पैशाचा प्रश्न होतो. उसाला पाणी देताना मात्र हद्दीला अर्थ नाही. तिथे जवळचं केंद्र धरावं. एकच शेत, दोन प्रश्न, दोन वेगळी केंद्रं. तक्ते वेगळे ठेवले असतील तरच हे जमतं.

आता हे सगळं आपोआप घडवायचं. वर्कफ्लो म्हणतात तो हाच: ठरल्या वेळी जागं व्हायचं, एपीआयला प्रश्न करायचा, उत्तर तपासायचं, तक्त्यात घालायचं, काही बिघडलं तर कुणाला तरी कळवायचं. युनिक्स यंत्रणेत क्रॉन नावाचा छोटा प्रोग्राम १९७०च्या दशकापासून हे ठरल्या वेळी जागवण्याचं काम करतो आहे. एअरबीएनबी कंपनीत २०१४मध्ये सुरू झालेलं एअरफ्लो आणि बर्लिनमधून २०१९मध्ये आलेलं एनएटएन ही अलीकडची साधनं. दुसऱ्यात तर पडद्यावर चौकोन मांडून ते रेघांनी जोडले की काम झालं. कोणतं साधन घ्यावं यावर तरुण मंडळी तासन् तास वाद घालतात. माझ्या मते तो सगळ्यात कमी महत्त्वाचा निर्णय आहे. क्रॉन आणि पन्नास ओळींचा प्रोग्रामही पुरतो, पुढच्या अडचणी माहीत असतील तर.

पहिली अडचण उशिराची. मे महिन्यातल्या वादळात आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर. केंद्र बॅटरीवर मोजत राहतं, नोंदी आपल्या स्मृतीत ठेवतं आणि टॉवर उठला की साचलेलं सगळं एकदम पाठवतं. तुमचा वर्कफ्लो दर तासाला फक्त गेल्या तासाचं मागत असेल, तर या उशिरा आलेल्या नोंदी त्याला कधीच दिसणार नाहीत. आणि नेमक्या त्याच मोलाच्या, कारण त्या वादळातल्या आहेत. उपाय सोपा आहे: दर वेळी गेल्या दोन दिवसांचं मागा. मग बहुतेक ओळी आधीच तक्त्यात असतात. तिथे ओळीच्या ओळखीचा नियम उपयोगी पडतो. ओळ नसेल तर भर, असेल आणि आकडा बदलला असेल तर दुरुस्त कर, अशी एकच आज्ञा डेटाबेसला देता येते. तोच वर्कफ्लो चुकून तीनदा चालला तरी पाऊस तिप्पट होत नाही. ही काळजी न घेतलेल्या तक्त्यांत मी कोरडवाहू गावांत कोकणाइतका पाऊस पडलेला पाहिला आहे.

सेवेचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर लगेच पुन्हा ठोठावू नये. एक मिनिट थांबावं, मग दोन, मग चार, आठ. सगळ्यांनी एकाच वेळी ठोठावलं तर धापा टाकणारा सर्व्हर पुरता आडवा होतो, आणि तशीही बहुतेक सेवांची दिवसाला किती प्रश्न विचारायचे याची मर्यादा असते. शिवाय आलेलं मूळ उत्तर, जसंच्या तसं, तारखेसह बाजूला ठेवून द्यावं. वाचण्यात आपली चूक झाली असेल तर नंतर तिथून पुन्हा वाचता येतं.

दुसरी अडचण दिवसाची. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. भारतीय हवामान विभागाच्या रिवाजानुसार तो सकाळी साडेआठला बदलतो, आणि साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला त्या दिवसाच्या तारखेवर लिहिला जातो. पंचवीसच्या संध्याकाळचा पाऊस सव्वीसच्या नावावर. साडेआठ ही वेळ लहरीने निवडलेली नाही. जागतिक प्रमाणवेळेत तेव्हा बरोबर तीन वाजलेले असतात, आणि जगभरची निरीक्षणं अशा ठरलेल्या तासांना होतात. बहुतेक एपीआय मुळात जागतिक वेळेतच बोलतात. आपली मध्यरात्र त्यांच्या आदल्या दिवशीचे साडेसहा असते, संध्याकाळचे.

याने काय फरक पडतो? समजा अंथुर्ण्यात रात्री नऊ ते बारा ४० मिलिमीटर आणि बारा ते तीन ३५ मिलिमीटर पाऊस पडला. कॅलेंडरच्या दिवसांत वाटला तर एका दिवशी ४०, दुसऱ्या दिवशी ३५, अतिवृष्टी नाही. साडेआठच्या दिवसात ७५, अतिवृष्टी आहे. पाऊस तोच, यंत्र तेच, ठोके तेच. प्रोग्राम लिहिणाऱ्याने गटवारी करताना तारखेचा कोणता काप घेतला एवढाच फरक. म्हणून नोंदीच्या तक्त्यात वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत ठेवावी आणि ‘दिवस’ ही गोष्ट तिथे ठेवूच नये. दिवस कुठे कापायचा हे विचारताना ठरवावं: सरकारी नियमासाठी साडेआठला, सूक्ष्म सिंचनाच्या वेळापत्रकासाठी हवं तर मध्यरात्री.

गटवारीचाच आणखी एक सापळा आहे. पावसाची बेरीज करतात, तापमानाची सरासरी काढतात, हे कुणालाही समजतं. वाऱ्याच्या दिशेची सरासरी मात्र सरळ काढता येत नाही. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही वारे उत्तरेकडचे. त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण. फवारणी कोणत्या बाजूने सुरू करायची हे ठरवणाऱ्याच्या तोंडावर औषध येईल. दिशेचे आडवे-उभे घटक पाडून, त्यांची सरासरी काढून पुन्हा दिशा करावी लागते.

तिसरी अडचण सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही. तक्त्यात निमगाव केतकीच्या पावसापुढे शून्य आहे. याचा अर्थ पाऊस पडला नाही. निमगाव केतकीची ओळच नाही, याचा अर्थ आपल्याला माहीत नाही. कॉड यांच्या मांडणीत ‘माहीत नाही’ साठी वेगळी खूण आहे, तिला नल म्हणतात. ती शून्य नव्हे. पण आलेख काढणारे, बेरीज करणारे, घाईत असलेले प्रोग्राम रिकाम्या जागी बेधडक शून्य भरतात. बेरजेत तर न भरताही तेच होतं: महिन्याची बेरीज करताना डेटाबेस रिकाम्या नोंदी गुपचूप वगळतो आणि उरलेल्यांची बेरीज पूर्ण महिन्याची असल्यासारखी समोर ठेवतो. केंद्र दहा दिवस बंद होतं हे त्या बेरजेत कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक बेरजेशेजारी ‘किती नोंदी अपेक्षित, किती आल्या’ हा रकाना हवाच. दिवसाच्या १४४ पैकी १४१ आल्या असतील तर ठीक. ६० आल्या असतील तर तो पाऊस जाहीर करू नये.

याच्याही पुढचं म्हणजे खोटं शून्य. केंद्र चालू आहे, तापमान येतंय, आर्द्रता येतेय, पावसाची शून्यं नियमित येतायत. फक्त नरसाळ्यात वाळलेली पानं आणि धूळ बसली आहे किंवा गांधीलमाशीने घर केलं आहे. पाणी वाटीपर्यंत पोचत नाही आणि ठोका पडत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने सगळं बिनचूक. हे पकडायचं तर शेजाऱ्यांना विचारावं लागतं. आसपासच्या तीन केंद्रांवर ४० मिलिमीटरच्या वर, इथे शून्य, आणि इथलीच आर्द्रता मात्र रात्रभर ९५ टक्के. असा मेळ बसला की वर्कफ्लोने ती नोंद पुसू नये, बदलू नये; तिच्या शेजारी ‘संशयित’ अशी खूण करावी आणि माणसाला निरोप पाठवावा. मग कुणीतरी दुचाकीवरून जाऊन नरसाळं साफ करतं. नोंद मूळची ठेवायची कारण कधी कधी यंत्रच खरं निघतं. वळीव शेजारच्या तिन्ही गावांत पडून एकाला कोरडं ठेवू शकतो, हे वर आलंच आहे.

मला विचाराल तर हवामानाच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर तापमान नसावं. सगळ्यात वर ‘वीसपैकी किती केंद्रं या घटकेला बोलती आहेत’ हे असावं. इतका कंटाळवाणा आकडा कुणी ठळक छापत नाही हे मलाही ठाऊक आहे.

आता अंदाज. नोंदीला एक वेळ असते, अंदाजाला दोन: तो केव्हा वर्तवला आणि कशासाठी वर्तवला. शुक्रवारी वर्तवलेला रविवारचा पाऊस आणि शनिवारी वर्तवलेला रविवारचा पाऊस या दोन वेगळ्या ओळी आहेत. बरेचजण जागा वाचवायला जुना अंदाज नव्याने झाकून टाकतात. तसं केलं की तक्ता नेहमी हुशार दिसतो, कारण त्यात फक्त शेवटच्या क्षणाचा अंदाज उरतो आणि शेवटच्या क्षणी कुणीही बऱ्यापैकी बरोबर असतो. द्राक्षवाल्याला उपयोगाचा असतो तो दोन दिवस आधीचा, कारण केवडा रोगावरची फवारणी पावसाआधी घ्यायची की नाही हे तेव्हा ठरवावं लागतं. सोळा दिवसांचा ताशी अंदाज म्हणजे एका वेळेला ३८४ ओळी. दिवसातून चारदा घेतला तर १५३६. पडू द्याव्यात त्या ओळी तक्त्यात.

कारण दोन पावसाळ्यांनंतर त्याच तक्त्याला फार चांगला प्रश्न विचारता येतो. अठ्ठेचाळीस तास आधी या सेवेने बावड्याला दहा मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस सांगितला, असे किती दिवस? त्यांपैकी किती दिवस बावड्याच्या केंद्राने खरंच तेवढा मोजला? आणि न सांगता आलेले किती? अंदाजांचा तक्ता आणि नोंदींचा तक्ता जागा आणि वेळ यांवर जोडला की उत्तर काही क्षणांत मिळतं. तेही देशाच्या सरासरीचं नाही, बावड्याचं. एका सेवेचा अंदाज बारामतीच्या बागायती पट्ट्यात बरा आणि उजनी धरणाच्या जलाशयाकडे वाईट ठरला, तर इंदापूरच्या शेतकऱ्यांना सल्ला देताना दुसऱ्या सेवेचा आकडा घ्यावा. सेवा बदलायला पन्नास ओळींतल्या दोन-तीन ओळी बदलाव्या लागतात.